उशाशी आलेला आवाज

रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून आययू या कोरियन गायिकेचं 'बाम-प्यॉन्जी' ऐकून बघा. नावाचा अर्थ 'रात्रीचं पत्र'. २०१७ साली आलेलं हे प्रेमगीत गिटारच्या साथीनं हलकेच सुरू होतं आणि गायिका आपल्या उशाशी बसून बोलते आहे असं वाटायला लागतं. शब्द कळत नसले तरीही. मला या जवळिकीचं फार कुतूहल आहे, कारण तिच्यामागे बरंचसं भौतिकशास्त्र आहे.

अशी गाणी माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन गातात. एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या माइकमध्ये पातळ पडदा असतो. त्याच्यावर आवाज पुढून येतो, तसा थोडा वळसा घालून मागूनही येतो, आणि या दोन दाबांतल्या फरकानं पडदा हलतो. आवाज लांबचा असेल तर दोन्हीकडे जोर जवळजवळ सारखाच. उरतो तो वळशामुळे झालेला किंचित उशीर. खर्जाच्या लांबलचक लहरींना एवढ्या उशिरानं फारसा फरक पडत नाही, म्हणून खालच्या स्वरांची ही तूट माइक बनवतानाच भरून काढलेली असते. तोंड जवळ आलं की मात्र मागून येणारा आवाज त्या वळशापायीच क्षीण होतो. दाबातला फरक वाढतो, वर ती भरपाई असतेच, आणि खालचे स्वर फुगून येतात. पुटपुटल्यासारखं गायलं तरी आवाज भरीव, उबदार लागतो.

पुढचं काम कॉम्प्रेसरचं. तो चढा आवाज दाबतो, मग सगळीच पातळी वर उचलता येते. श्वास आत घेतल्याचा, ओठ विलग झाल्याचा आवाज कानावर येतो. एरवी हे आवाज हातभर अंतरावरच्या माणसाचेच ऐकू येतात. त्यात घुमारा कमी ठेवला, की भिंतीवरून परतून आलेला आवाज नाही म्हणजे माणूस जवळच आहे, असा हिशेब मेंदू आपसूक करतो.

आणि कोरियन भाषा! आपण 'क' आणि 'ख' हवेच्या झोतावरून ओळखतो. कोरियनमध्ये अशा व्यंजनांचे तीन प्रकार आहेत: मऊ, हवेच्या झोताचं आणि गळा आवळून काढलेलं. चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांचे कोरियन शब्द फक्त या पहिल्या व्यंजनानं वेगळे होतात. मऊ व्यंजनामागून येणाऱ्या स्वरात थोडा श्वास मिसळलेला असतो. सोलच्या तरुणांच्या बोलण्यात तर शब्दाच्या सुरुवातीचं मऊ व्यंजन झोताच्या व्यंजनापासून मुख्यतः सुराच्या उंचीवरून ओळखलं जातं. गाण्यात ती उंची चालीच्या ताब्यात जाते, श्वास मात्र गायिकेकडेच राहतो. जलद नाचगाण्यात तो ठेक्याखाली विरतो. संथ लयीत अक्षराअक्षरामागे ऐकू येतो.