भरतीचे शून्य आणि जमिनीचे शून्य

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून भरतीचे वेळापत्रक छापून येते. त्यात एखाद्या दिवशी ४.६ मीटर असा आकडा दिसला, की खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो, की आपली जमीन समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंचीवर असेल तर ती त्या दिवशी पाण्याखाली जाणार काय? भूगोलाच्या पदवी अभ्यासक्रमातील इंटर्नशिपसाठी मी नवी मुंबईतील धारण तलावांचे, म्हणजे पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावांचे, नकाशे करण्याच्या कामावर होते, तेव्हा संगणकावर नकाशे करण्याच्या भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजेच जीआयएसने, मला सर्वांत आधी याच प्रश्नापाशी आणून सोडले. हे दोन आकडे एकाच शून्यापासून मोजलेले नसतात. भरतीची उंची सागरी नकाशांच्या आधारपातळीपासून मोजतात आणि ही पातळी, ओहोटीचे पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही, अशा ठिकाणी धरलेली असते. जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून धरतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. त्यामुळे ४.६ मीटरांची भरती जमिनीच्या हिशेबाने जेमतेम २.१ मीटरपर्यंत चढते, आणि तीन मीटरवरील जमिनीला केवळ भरतीपासून धोका राहत नाही. त्याच वेळी मुसळधार पाऊस कोसळत असेल, तर गोष्ट वेगळी.

ही वेगळी गोष्ट ध्यानात घेऊनच नवी मुंबईत धारण तलाव बांधले गेले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने खाडीलगतच्या सखल, खाजणाच्या जमिनींवर भराव घालून शहराचा मोठा भाग उभा केला, परंतु काही भागांतील जमीन उधाणाच्या भरतीपेक्षा खालीच राहिली. म्हणून पावसाचे पाणी आधी तलावात साठवायचे, भरती आली की खाडीच्या बाजूची झडपदारे पाण्याच्या दाबानेच बंद व्हायची, आणि ओहोटी लागली की साठलेले पाणी खाडीत निघून जायचे, अशी ही रचना आहे. ती अत्यंत सुज्ञ आहे, असे माझे मत आहे. मात्र खाडीच्या पाण्याबरोबर गाळही येतो, गाळावर कांदळवन रुजते, आणि तलावाची साठवण घटत जाते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे हा निव्वळ यंत्रे लावण्याचा प्रश्न राहत नाही. कोणत्या तलावात कांदळवन किती आणि ते कोणत्या दिशेने पसरले, हे नकाशावर दाखवणे एवढेच माझे काम होते.

उंचीसाठी प्रथम हाताशी आली ती सर्वांना मोफत मिळणारी एसआरटीएमची माहिती. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातील रडारने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली, त्यातून ती तयार झाली आहे. ही कामगिरी थोर आहे, पण ती आखतानाच उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक ग्राह्य धरली होती. प्रत्यक्षातील अचूकता त्याहून चांगली असली, तरी अर्ध्या मीटरच्या फरकावर ज्यांचे भवितव्य ठरते अशा तलावांसाठी ती पुरेशी नाही. शिवाय हे रडार दाट झाडीच्या माथ्याजवळूनच परतत असल्याने कांदळवनाखालचा चिखल त्याला दिसत नाही आणि तलावात उंचवटा असल्याचा भास होतो.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी करताना याहून विलक्षण प्रकार पाहायला मिळाला. वाशीच्या खाडीकाठी उभे राहून मार्गदर्शक मॅडमनी मोजणीच्या जीपीएस यंत्रावरील मूळ उंची दाखवली, तेव्हा पडद्यावर उणे साठहून खालचा आकडा होता. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. उपग्रह उंची मोजतात ती गणिताने कल्पिलेल्या गुळगुळीत लंबगोलापासून, तर समुद्राची सरासरी पातळी गुरुत्वाकर्षणाच्या कमीजास्तपणानुसार वरखाली होते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा पृष्ठभाग लंबगोलाच्या शंभर मीटरहून अधिक खाली गेला आहे, आणि त्या खोलगटपणाचा परिणाम मुंबईपर्यंत पोहोचतो. गुरुत्वाकर्षणाचे प्रारूप वापरून दुरुस्ती केली, की वाशीचा काठ पुन्हा समुद्रसपाटीच्या जवळ येतो.

कांदळवनाचा विस्तार पाहण्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमा वापरल्या. त्यांतील एक चौकट (पिक्सेल) जमिनीवरील १० मीटर बाजूच्या चौरसाएवढी असते. पावसाळ्यात ढग आड येतात, आणि पाऊस सरला की सगळेच हिरवे दिसते. एप्रिल-मेमध्ये मात्र पारसिकच्या डोंगरावरील गवत वाळून पिवळे पडते आणि खाडीकाठची तिवरे, म्हणजे कांदळवनातील झाडे, हिरवीच राहतात, त्यामुळे उन्हाळ्यातील प्रतिमा या कामाला उत्तम.

खरी अडचण काठाच्या रेषेची होती. हा उपग्रह आपल्या आकाशातून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून उधाणाच्या दिवशी उपग्रहाला खाडी जवळजवळ तुडुंब भरलेली दिसते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच वेळेला ओहोटी असते, पण ती उथळ. उधाणाची खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते, त्यामुळे तिच्यात उघडा पडणारा सखल चिखल, जेथे रोहित पक्षी चरतात, या उपग्रहाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. दोन प्रतिमा निव्वळ एकावर एक ठेवल्या, तर खाडी वर्षभरात कित्येक मीटर सरकल्याचा निष्कर्ष निघू शकतो, आणि तो साफ चुकीचा असतो.

म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत प्रत्येक प्रतिमेच्या नोंदीपुढे आम्ही त्या क्षणाच्या भरतीची पातळी आणि ती कोणत्या शून्यापासून मोजली, असे दोन रकाने जोडले आणि जवळजवळ सारख्याच पातळीच्या प्रतिमांची तुलना केली. खाडी आत निमुळती होत जाते, त्यामुळे भरतीच्या वेळापत्रकातील अपोलो बंदराची वेळ आणि उंची ऐरोलीला जशीच्या तशी लागू पडत नाही, याची नोंदही नकाशावर ठेवली. भरती चंद्र-सूर्याच्या गतीने ठरत असल्यामुळे तारीख आणि वेळ ठाऊक असेल, तर कोणत्याही जुन्या प्रतिमेच्या क्षणाचे पाणी आज गणिताने बऱ्याच अंशी काढता येते. १९७२ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांपुढेही हे दोन रकाने भरता येतात. त्या काळातील चौकटी कितीतरी मोठ्या आहेत, त्यामुळे एकेका तलावातील कांदळवन त्यांत नीट उमटत नाही, परंतु भरावापूर्वीची खाजणे कोठवर होती, ते त्यांत दिसते.