मल्टिपल मायलोमा : रक्तातील जैवसूचक (आजाराची खूण सांगणारे घटक)

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. प्रतिपिंडे बनवणे हे या पेशींचे नेहमीचे काम. निरोगी शरीरात असंख्य प्लाझ्मा पेशी असंख्य तऱ्हांची प्रतिपिंडे तयार करतात. मायलोमात एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते आणि एकाच साच्यातले प्रथिन रक्तात सोडत राहते. त्याला एम प्रोटीन म्हणतात. आजार किती शिल्लक आहे हे या प्रथिनाच्या मोजमापावरून बरेचसे कळते, ही सोय फार थोड्या कर्करोगांत आहे.

सुरुवात रक्तापासून नव्हे, लघवीपासून झाली. लंडनचे हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७-४८ मध्ये एका रुग्णाच्या लघवीतील विचित्र प्रथिनाचे वर्णन केले. असे प्रथिन तापवले की साकळते, उकळी येऊ लागताच विरघळते आणि निवताना पुन्हा साकळते. हे प्रतिपिंडातील सुटी ‘लाइट चेन’, म्हणजे प्रतिपिंडाच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी लहान साखळी, असल्याचे एडलमन आणि गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवले.

आजही पाठपुराव्याचा कणा आहे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रवाहात सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) प्रथिने वेगवेगळी होतात व त्यांचा आलेख निघतो. डावीकडे अल्ब्युमिनचे उंच शिखर, उजवीकडे गॅमा भागात बसकी, पसरट टेकडी हे नेहमीचे चित्र. मायलोमात त्या टेकडीवर अरुंद सुळका उभा राहतो. सुळक्याखालचे क्षेत्रफळ एकूण प्रथिनांशी ताडून एम प्रोटीनचा आकडा काढतात. प्रथिन कोणत्या जातीचे, म्हणजे प्रतिपिंडाचा वर्ग आयजीजी की आयजीए आणि त्याची लाइट चेन कप्पा की लॅम्डा, हे इम्युनोफिक्सेशन ही चाचणी सांगते. आयजीएचा सुळका अनेकदा गॅमाशेजारच्या बीटा भागातल्या इतर प्रथिनांत दडतो, म्हणून अशा रुग्णांत एकूण आयजीए वेगळे मोजणे अधिक भरवशाचे.

प्रतिसादाची मोजपट्टी आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने ठरवली आहे. सीरममधील एम प्रोटीन निम्म्याने घटले तर आंशिक प्रतिसाद, ९० टक्क्यांनी घटले तर अतिशय चांगला आंशिक प्रतिसाद. लघवीसाठी वेगळे निकष आहेत. पूर्ण प्रतिसादासाठी इम्युनोफिक्सेशनही कोरे यावे लागते आणि मज्जेत प्लाझ्मा पेशी ५ टक्क्यांपेक्षा कमी असाव्या लागतात. समजा, एम प्रोटीन डेसिलिटरमागे ४.२ ग्रॅमवरून ०.४ वर आले. पुढच्या रिपोर्टमध्ये ते ०.५ दिसले की रुग्णाच्या पोटात गोळा येतो. वाढही थेट २५ टक्के दिसते. परंतु आजार बळावला असे म्हणण्यासाठी नीचांकापासून २५ टक्क्यांबरोबरच किमान ०.५ ग्रॅमची वाढ लागते, म्हणजे आकडा ०.९ पर्यंत जायला हवा, आणि तोही दुसऱ्या तपासणीत पक्का व्हायला हवा. छोटा फरक मोजण्याच्या पद्धतीमुळेही दिसू शकतो; एकच प्रयोगशाळा व एकच पद्धत कायम ठेवावी असे सांगतात ते याचसाठी.

सीरममधील फ्री (सुट्या) लाइट चेन मोजण्याची चाचणी २००१ च्या सुमारास आली. कप्पा-लॅम्डा गुणोत्तर साधारणपणे ०.२६ ते १.६५ असते. मूत्रपिंडे मंदावली की दोन्ही साखळ्या साचतात आणि गुणोत्तराची मर्यादा सुमारे ३.१ पर्यंत सरकते. या चाचणीची खरी किंमत वेगात आहे. आयजीजीचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे तीन आठवड्यांचे, तर मूत्रपिंडे ठीक असतील तर लाइट चेनचे काही तासांचे. त्यामुळे औषध लागू पडत असूनही एम प्रोटीन रेंगाळते; लाइट चेन मात्र काही दिवसांतच उतरते. कधी उलटेही घडते: आजार पुन्हा डोके वर काढताना एम प्रोटीन जागेवर आणि लाइट चेन तेवढी चढलेली.

औषधही फसवू शकते. मायलोमावरचे डॅराट्युमुमॅब हे औषध स्वतःच आयजीजी-कप्पा जातीचे प्रतिपिंड असल्याने इम्युनोफिक्सेशनवर त्याची फिकट पट्टी उमटते आणि आजार संपलेला रुग्णही ‘शिल्लक’ ठरू शकतो. ती पट्टी वेगळी काढणाऱ्या चाचण्या आहेत. मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत रेणूच्या वस्तुमानावरूनच औषध आणि एम प्रोटीन वेगवेगळे ओळखते.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (पेशींवरचे एक लहान प्रथिन), अल्ब्युमिन व एलडीएच (पेशींतले एक विकर) हे आजाराची पायरी ठरवण्याचे सूचक. ते निदानाच्या वेळी जास्त कामाचे. त्यातही बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मूत्रपिंडे बिघडल्यावर एरवीही वाढते. हिमोग्लोबिन, कॅल्शियम व मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनीन आजार किती आहे हे सांगत नाहीत, त्याने केलेले नुकसान सांगतात. कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिनही पाहावे लागते.

काही थोड्या रुग्णांत मायलोमाच्या पेशी असे कोणतेच प्रथिन रक्तात सोडत नाहीत. तिथे इलेक्ट्रोफोरेसिस मुकी होते आणि मज्जेची तपासणी व पेट स्कॅन यांवर भिस्त राहते. प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावरून कापला जाऊन रक्तात येणारा बीसीएमए रेणू प्रतिपिंडावर अवलंबून नसल्यामुळे अशा रुग्णांसाठी त्याचा अभ्यास चालू आहे.