टॉवरखाली अंधार

सह्याद्रीतल्या कुठल्याही वाडीत विचारा, रेंज नेमकी कुठे मिळते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठे देवळामागचा कातळ, कुठे खिंडीतलं वळण, तर कुठे सड्यावरचं एखादं आंब्याचं झाड. २०२०च्या टाळेबंदीत तळकोकणात मुलं ऑनलाइन अभ्यासासाठी डोंगरावर खोपटं बांधून बसली, ती अशाच जागा हेरून.

गावची मागणी ठरलेली असते: टॉवर द्या, आणि तो सगळ्यात उंच डोंगरावर द्या. मागणीचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्यात गोम आहे.

टॉवरवरचा अँटेना चहूकडे सारखा फेक करत नाही. आडव्या दिशेने त्याचा झोत चांगला रुंद असतो, पण उभ्या दिशेने बहुतेकदा जेमतेम सात-आठ अंशांचा. तो थोडा खाली झुकवता येतो, तरी त्यालाही मर्यादा असते. आता कड्याच्या पायथ्याची एखादी वाडी घ्या. टॉवर ३०० मीटर वर आणि आडवं अंतर ५०० मीटर. म्हणजे वाडी टॉवरच्या ३१ अंश खाली. मुख्य झोत तिच्या डोक्यावरून निघून जातो आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या, ज्यांनी टॉवर मागितलाही नव्हता अशा गावांत पोचतो. मधे कड्याची धार आली तर उरलंसुरलंही अडतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लहरी धारेवरून थोड्या खाली वळतात, नाही असं नाही. पण धारेला नजर नुसती घासून जात असेल तिथेच सिग्नल चौथाईवर येतो, आणि त्याहून खाली सावलीत उतरलात की झपाट्याने घटत जातो. इथे लहरीची लांबी कामी येते. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर साधारण ४३ सेंटीमीटरची, २३०० मेगाहर्ट्‌झची १३ सेंटीमीटरची. लांब लहर जास्त वळते, त्यामुळे दाट सावलीत फक्त या वळण्यापायीच ७०० वाल्याला तिपटीहून जास्त सिग्नल मिळतो. डोंगरी गावाला वेगाच्या जाहिरातींपेक्षा कंपनी तिथे कोणता पट्टा, म्हणजे किती मेगाहर्ट्‌झच्या लहरी, वापरते हे जास्त महत्त्वाचं आहे. पण ते कुणी विचारत नाही.

नुसती उंची फसवते, याचा अनुभव ट्रेकर मंडळींना असतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावरून क्षितिज हिशेबाने सुमारे १४५ किलोमीटर दूर असतं. फोनला एकाच वेळी ढीगभर टॉवर ऐकू येतात, त्यांचा एकमेकांत गोंधळ होतो, आणि दांड्या भरलेल्या दिसत असूनही कॉल तुटतो.

मग टॉवर हवा कुठे? बहुतेक वेळा समोरच्या डोंगरावर, तोही माथ्यावर नव्हे, तर जिथून वाडीतली घरं दिसतात अशा मधल्या सोंडेवर. जिथून घर डोळ्यांना दिसतं, तिथून रेंजही घरापर्यंत पोचते, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. अडचण अशी की त्या सोंडेवर ना रस्ता असतो ना वीज. शिवाय टॉवरलाही पुढे जोडणी लागते: फायबर, नाहीतर नजरेच्या टप्प्यातल्या दुसऱ्या टॉवरकडे रोखलेली डिश. तेही नसेल तर ३५,७८६ किलोमीटरवरचा उपग्रह, ज्याच्यामुळे बोलण्यात अर्ध्या सेकंदाचा अडखळा येतो. म्हणून टॉवर बहुधा घाटरस्त्याच्या कडेला उभा राहतो. ते कंपनीच्या सोयीचं असतं. वाडीच्या सोयीचं असेलच असं नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २४,६८० वंचित गावांत ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. अशा सरकारी पैशांतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही चालावं, ही सोय २०२५ पासून सुरू झाली आहे. एका डोंगरावर तीन कंपन्यांचे तीन टॉवर उभारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा दोष पावसाला मिळतो. खरं तर मोबाइलच्या या लहरींना पावसाच्या थेंबांचं फारसं काही वाटत नाही. ओली दाट झाडी थोडा सिग्नल खाते, आणि डिशच्या उच्च वारंवारतेच्या लहरींना मुसळधार पाऊस नडतो. पण नेहमीचं कारण याहून साधं असतं: वीज जाते आणि काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते.

घरापुरतं काय करता येईल? आधी छप्पर पाहा. कौलं काढून पत्रा घातलेल्या घरात आतली रेंज हमखास घटते. दुसरं, फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने बोलतो, टॉवर वीस-चाळीस वॅटने. म्हणून टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरला नाही, आणि दांडी दिसत असूनही कॉल लागत नाही. यावर उतारा म्हणजे सिम घालायचा राउटर आणि टॉवरच्या दिशेने रोखलेला बाहेरचा अँटेना. अँटेनाची बारीक केबल मात्र दर मीटरला अर्धा ते एक डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) खाते. दहा मीटर केबल टाकली तर बरीचशी कमाई वाटेतच संपते. राउटर छपराजवळ ठेवावा आणि तिथून साधी लॅन केबल खाली आणावी. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेचं फायबर चालू असेल तर काम आणखी सोपं: वायफाय घ्यायचं आणि फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करायचं. नेहमीच्याच नंबरवरून बोलता येतं, टॉवर लागतच नाही.

बाजारात मिळणारे बूस्टर मात्र घेऊ नयेत. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेत, आणि एक वाईट बूस्टर टॉवरच्या कानात इतका गोंगाट भरतो की सगळ्या खोऱ्याचं बोलणं बिघडतं.

टॉवरसाठी अर्ज करताना ‘रेंज नाही’ एवढंच लिहू नये. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) दिसतो: उणे ८५ चांगला, उणे ११० रडतखडत, उणे १२० म्हणजे जवळपास नाहीच. प्रत्येक वाडीत चार-पाच ठिकाणी, प्रत्येक कंपनीच्या सिमवर हा आकडा टिपावा. कंपन्यांना आता आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. त्यातलं आपलं गाव उघडावं आणि हे आकडे त्याशेजारी लावून अर्जाला जोडावेत. सोबत समोरच्या सोंडेवरून काढलेला एक फोटोही द्यावा, वाडीतली सगळी घरं दिसतील असा.