‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊ नये म्हणून

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि महिन्याभरात आमच्या गिरगावच्या चाळीतले काका जुना लॅपटॉप घेऊन दारात. लॅमिंग्टन रोडवरून पेनड्राइव्ह आणला आणि विंडोजच्या जागी फेडोरा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची केडीई (प्लाझ्मा डेस्कटॉपवाली) आवृत्ती बसवून दिली. काकांनी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ टाइप करून पाहिलं. दोन्ही नीट उमटले.

“पैसे किती?”

“फुकट.”

“मग हे सांभाळतं कोण?”

उत्तरासाठी तेच अक्षर घेऊ. ‘दऱ्या’मधला तो कोयत्यासारखा र संगणक साठवतच नाही. तो द, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य आणि काना अशी ५ चिन्हं साठवतो. त्यांची जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, फॉन्टला विचारून करते. तिच्या वर खिडक्या-बटणं काढणारी क्यूटी, त्यावर काकांना दिसतो तो प्लाझ्मा डेस्कटॉप, सगळ्यांच्या तळाशी यंत्राशी बोलणारा कर्नल. प्रत्येकाचे लेखक वेगळे, वेळापत्रकं वेगळी. पण एखाद्या अपडेटनंतर दऱ्यांचा समुद्र झाला, तर तक्रार येते फेडोराची ही केडीई आवृत्ती सांभाळणाऱ्या मेंटेनरकडे. मग एकेक भाग मागच्या आवृत्तीवर नेऊन बघायचं: कीबोर्ड, फॉन्ट की हार्फबझ?

चूक सापडली की आपल्यापुरतं ठिगळ लावायचा मोह होतो. पण मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली की ते पुन्हा शिवावं लागतं, आणि ठिगळं साठत जातात. म्हणून फेडोरात दुरुस्ती शक्यतो उगमाकडे, म्हणजे ‘अपस्ट्रीम’ला पाठवतात. तिथे पटवून द्यायचं, वाट बघायची. मला तर यातलं निम्मं काम पत्रव्यवहाराचंच वाटतं.

नवी फेडोरा साधारण ६ महिन्यांनी येते. त्याआधी ‘फ्रीझ’ लागतो. रविवारचा मेगाब्लॉकच तो: नेहमीच्या गाड्या बंद, रुळांवर फक्त दुरुस्तीवाले. शेवटी आवृत्ती सोडायची की नाही ते ठरवणारी ‘गो/नो-गो’ बैठक. इन्स्टॉलर अडला, ब्राउझर उघडला नाही, तर तारीख पुढे जाते.

इतकी सावधगिरी कशाला, तर मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरवाट सापडली. ती घुसवणाऱ्याने आधी २ वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढीच शंका आली आणि त्यातून ती उघडी पडली. तोवर ही चोरवाट फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत पोहोचली होती. स्थिर आवृत्त्या वाचल्या.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ह्याचा सपोर्ट कधीपर्यंत?”

“प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिने. मग पुढची बसवायची, तीही फुकट.”

“नवं कालनिर्णय आलं की डिसेंबरवर खूण करतो. तेव्हा तू घरी असशील ना?”