फुप्फुसात पोहोचणारे, पण पाण्यात न विरघळणारे औषध

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक ‘पेशंटला वाफ दिली’ असे सांगतात, तेव्हा ती खरे तर वाफ नसते. नेब्युलायझर या यंत्राने केलेले द्रव औषधाचे तुषार असतात. साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब फुप्फुसात खोलवर उतरतो, त्याहून मोठा घशातच अडकतो. १९४०च्या दशकात पेनिसिलिन असेच दिले गेले, आणि १९९७ साली अमेरिकेत टोब्रामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणाला मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे पाण्यात सहज विरघळणारी असल्याने तिथे अडचण नव्हती.

खरी अडचण क्लोफॅझिमिनसारख्या औषधांची आहे. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात क्षयरोगासाठी शोधलेले हे लालसर औषध पुढे कुष्ठरोगावर उपयोगी ठरले, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचारात त्याला स्थान मिळाले. तांबड्या रश्श्यावरचा कट पाण्यात मिसळत नाही, तसेच हे औषधही पाण्याला नाकारते आणि चरबीत मुरते. म्हणून ते पोटातून घेतले की त्वचेत साठते, अंग तांबूस-काळपट होते. आजारामुळे आधीच लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला हा रंग किती जड जात असेल, याची नोंद औषधाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी, असे मला वाटते.

औषध विरघळतच नसेल, तर त्याचे अतिसूक्ष्म कण करून ते पाण्यात तरंगत ठेवायचे, हा त्यावरचा मार्ग. दम्याचे ब्युडेसोनाइड असेच दिले जाते: परिचारिका प्लॅस्टिकची छोटी कुपी हलवते, तळाशी बसलेला पांढरा साका वर येतो आणि मगच ते औषध यंत्राच्या कपात ओतले जाते. कण थेंबाहून लहान असावे लागतात आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात पृष्ठक्रियाशील द्रव्य घालावे लागते. ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर मात्र अशा निलंबनासाठी, म्हणजे कण तरंगत ठेवलेल्या द्रवासाठी, योग्य ठरत नाही, कारण बरेचसे कण कपातच मागे राहतात.

क्षयरोगाच्या जंतूंचे भाऊबंद असलेल्या इतर मायकोबॅक्टेरियांच्या फुप्फुससंसर्गावर क्लोफॅझिमिनचे असे निलंबन मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. इथे न विरघळण्याचा दोषच कामी येतो: कण फुप्फुसात रेंगाळतात, आणि जंतू ज्या भक्षक पेशींत दडतात त्याच पेशी हे कण गिळतात. मात्र इतका काळ तिथे राहणारे कण नाजूक ऊतींना त्रासदायक ठरत नाहीत ना, हे तपासल्याशिवाय त्याची मात्रा ठरवता येत नाही.