बैल बुजण्याची जागा

सातारा-सांगलीकडं शिवेवर, ओढ्याच्या मोरीपाशी नायतर जुन्या चिंचेखाली अशी एखादी जागा असतेच जिथं बैल पाऊल पुढं टाकत नाही, कुत्रं भुंकायचं सोडून इवळायला लागतं आणि मग लोक म्हणतात जागा बाधिक हाय, मुंजा हाय, लागीर होतं.

उसाच्या सीझनमध्ये हे जास्त दिसतं, कारण कराड-वाळव्याकडं टायरगाड्या रात्री-पहाटे कारखान्याच्या वाटेला असतात. बैल आधी दोन्ही कान टवकारतो, नाकपुड्या फेंदारून फुरफुरतो, मग मागं रेटतो, जू तिरकं होतं आणि गाडीवानाला वाटतं याला काहीतरी दिसलं. दिसलेलं असतंच, जनावर खोटं बोलत नाही. बैलाचे डोळे बाजूला असतात, त्यामुळं त्याला साधारण ३३० अंशातलं दिसतं, पण समोर खड्डा आहे का नुसती सावली हे ओळखायला त्याला थांबून मान खाली घालावी लागते आणि जुवाखाली ती नीट घालताच येत नाही. त्यात समोरनं ट्रॅक्टरचा हेडलाईट आला, मोरीच्या कठड्याची काळी सावली रस्त्यावर आडवी पडली, की त्याच्यासाठी तो खड्डाच.

खरी गोम पुढंच आहे. घाबरलेल्या गुराच्या मुताला वेगळा वास येतो आणि मागनं येणारी गुरं तो हुंगून पुढं जायला कचरतात. त्यात तिथंच चाबूक बसला तर ती जागा बैल विसरत नाही, दुसऱ्या खेपेला लांबूनच अंग चोरतो. म्हणजे भुताच्या भीतीनं माणूस बैलाला मारतो आणि त्या मारानंच ती जागा बैलासाठी कायमची वाईट होऊन बसते, हे बघवत नाही.

कुत्र्याला ४५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आपल्याला फार तर २०,०००. शिराळा, कराड, पाटण भागात उसात बिबट्या असतो आणि कुत्रं हे त्याचं आवडीचं भक्ष्य, मग वास आल्यावर ते गप शेपूट घालणारच. कोयना पट्ट्यात अजून एक कारण, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या मोठ्या भूकंपानंतरही तिथं लहान धक्के बसत राहिलेत, आणि धक्क्याची पहिली हलकी लाट माणसाच्या ध्यानातही येत नाही तेव्हा जनावरं उठून उभी राहू शकतात.

स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनजवळच्या ओव्हरटून पुलावरनं कुत्री खाली उड्या मारतात, त्यालाही भुताची गोष्ट चिकटलीय, पण खाली मिंक नावाच्या प्राण्याचा उग्र वास आणि कुत्र्याला पलीकडचं दिसू न देणारा उंच कठडा हे कारण जास्त पटतं.

बैल बुजला की जाणता गाडीवान चाबूक ठेवून खाली उतरतो, कासरा सैल सोडतो, बॅटरी जमिनीवर धरतो, बैलाला नावानं हाक मारत मानेवरनं हात फिरवतो आणि जमेल तेवढं त्याला हुंगू देतो. बैल हुंगतो, एकदा जोरात फुरफुरतो आणि आपला आपण चालायला लागतो.