सगळ्यात गुटगुटीत करडूच का मरतं?

संध्याकाळी आईला पिऊन उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. मान पाठीकडे ओढलेली, पाय ताठ, आणि पायाजवळची माती अर्धगोल खरवडलेली, म्हणजे जाताना ते पाय झाडत होतं. अंगावर जखम नाही, चावल्याची खूण नाही. आणि शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, असं गेलेलं करडू बहुतेक वेळा मरतुकडं नसतंच, कळपातलं सगळ्यात तब्येतदार तेच असतं. मग सुरू होतं, नजर लागली, नाहीतर कुणीतरी काहीतरी चारलं.

गंमत म्हणजे नजर लागली म्हणणाऱ्यांचं निरीक्षण बरोबर आहे. गुटगुटीतच जातं हे खरंय, फक्त कारण डोळ्यात नाही, आतड्यात आहे.

आता अचानक मरायला कारणं बरीच असतात, पोटफुगी, फुफ्फुसदाह, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य आजार), कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड, सेलेनियम कमी पडून हृदयाचा स्नायू निकामी होणं, वगैरे. त्यामुळे प्रत्येक मरतूक एकाच खात्यात टाकू नका. पण धडधाकट पिल्लू रात्रीत गेलं तर जाणकारांच्या मनात आधी जी नावं येतात त्यातलं एक आंत्रविषार, म्हणजे आतड्यात तयार झालेल्या विषाने होणारा आजार. आणि मला आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण त्यातली भानगड फार भारी आहे.

हा करणारा जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम वेल्च यांनी तो वेगळा काढला म्हणून जुन्या पुस्तकांत तो वेल्चायी नावाने भेटतो. याला ऑक्सिजन नको असतो, अडचणीच्या वेळी बीजाणू (कडक कवचातलं झोपलेलं रूप) करून मातीत पडून राहतो, आणि निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. म्हणजे बाहेरून कुणी आणावा लागत नाही, तो घरचाच.

मग तो एरवी गप्प का असतो? कारण त्याला खायला फारसं मिळत नाही. शेळीने खाल्लेला स्टार्च बराचसा पहिल्या मोठ्या पोटातच तिथले जंतू फस्त करतात. पण एकदम खुराक वाढवला, करडाने धान्याच्या पोत्यात तोंड घातलं, किंवा जास्त दूध ढोसलं, की न पचलेला माल पुढे लहान आतड्यात जातो आणि तिथे याची पंगत बसते. सगळं मनासारखं असलं तर हा जंतू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. आपण दहाच धरू. एकाचे तासाभरात 64, दोन तासांत 4096, तीन तासांत 2 लाख 62 हजारांच्या वर. आतड्यात सगळं इतकं मनासारखं नसतं, पण एका रात्रीत काय होऊ शकतं याचा अंदाज आला असेल. आणि ढोसणारं करडू कोण? जे दांडगं आहे, जे बाकीच्यांना ढकलून आधी पोचतं ते. झाली नजर.

आता माझा आवडता भाग. या जंतूचे विषांवरून प्रकार पाडलेत, त्यातला डी प्रकार एप्सिलॉन नावाचं विष बनवतो. पण बनवतो तेव्हा ते जवळजवळ निरुपद्रवी असतं, बंदूक आहे पण खटका बांधलेला. तो सोडवतं कोण? ट्रिप्सिन, म्हणजे शाळेत शिकलेलं, स्वादुपिंडातून येणारं, प्रथिनं पचवणारं विकर! पचवायला म्हणून ते या 296 अमिनो आम्लांच्या साखळीला लागतं, जोडीला कायमोट्रिप्सिन असतं, दोघं मिळून एका टोकाची 13 आणि दुसऱ्या टोकाची 29 अमिनो आम्लं छाटतात आणि तिथेच थांबतात, कारण उरलेला गाभा त्यांना दाद देत नाही. दुसऱ्या टोकाचा तो तुकडाच खरा अडसर असतो, तो गेला की असे सात रेणू पेशीच्या आवरणावर गोल करून बसतात आणि आरपार भोक पाडतात, भोकातून पोटॅशियम बाहेर, सोडियम आणि पाणी आत, पेशी फुगून खलास. हे विष आधी आतड्याचंच अस्तर गळकं करतं, त्यामुळे अजून विष रक्तात जातं, मग मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर गळायला लागतं, मेंदू सुजतो, आणि ती ओढलेली मान, ते पाय झाडणं. थोडक्यात करडाने स्वतःच्याच पाचकरसाने विषाचा खटका सोडवला.

इथे संपलं असतं तरी मी खूश होतो. पण याच जंतूचा सी प्रकार बीटा नावाचं दुसरं विष बनवतो, आणि त्याचं बरोब्बर उलटं आहे, ट्रिप्सिन त्याला चावून संपवतं. मग सी प्रकाराने करडं मरायलाच नकोत ना? मोठी सहसा मरत नाहीतच, मरतात पहिल्या काही दिवसांतली. कारण चीक. शेळीच्या गर्भात आईच्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) वारेतून पलीकडे जाता येत नाही, ती सगळी चिकातून मिळतात, पण ती पडली प्रथिनं, करडाच्या पोटात पचून जातील, म्हणून चिकात ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थही असतात. प्रतिपिंडं वाचावी म्हणून ट्रिप्सिन बंद, आणि तेवढ्या काळात बीटा विषाला रान मोकळं. आता हे वाचून कुणी चीक पाजायचं बंद करू नका हां! चिकाशिवाय करडू बाकी सगळ्यालाच बळी पडतं, उलट गाभण शेळीला विण्याच्या साधारण महिनाभर आधी लस दिली तर त्याच चिकातून या विषांवरचा उताराही मिळतो.

(माणसांतही हे दिसलंय. पापुआ न्यू गिनीत डुकराचं मांस आणि रताळी खाल्ल्यावर याच सी प्रकाराने लोकांची आतडी सडायची, कारण रताळ्यातही ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो.)

लस म्हणजे फॉर्मलिनने मारलेलं विष, आकार तोच पण दात काढलेले. पहिल्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरा लागतोच, तो बरेच जण विसरतात आणि मग लस बोगस म्हणतात. शेळीत ही लस मेंढीइतकी टिकत नाही हे मात्र खरं, म्हणून वर्षातून एकदा देऊन भागत नाही. त्यात शेळीत हा आजार मोठ्या आतड्यातही दंगा करतो, हगवण लागते, आणि तिथे विष आतड्याच्या पोकळीतच असताना रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठणार कशी. अँटिबायोटिकचंही तेच, ते जंतू मारेल, एकदा सुटलेल्या विषाला काय करणार? आणि मोबाईलवर फिरणारे रामबाण काढे तर तिथवर पोचतच नाहीत.

करडू गेलंच तर तपासणी लगेच व्हायला हवी, दुपारपर्यंत उन्हात ठेवून नाही, कारण हा जंतू मेलेल्या पोटात आणखी जोरात वाढतो आणि मग खरं कारण झाकून टाकतो. नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर मात्र हातही लावू नका, तो फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, उघडलं की बीजाणू जमिनीत. तसं नसेल तर डॉक्टर लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोरा बांधून बर्फात पाठवतात. रिपोर्टमध्ये नुसतं जंतू सापडला असं आलं तर त्याला फारसा अर्थ नाही, तो निरोगी शेळीतही सापडला असता. एप्सिलॉन विष सापडलं का, ते विचारा.